कंगोरे मोजताना

रावेरला, कॉलेजच्या मागच्या खोलीत
पेटी क्रमांक नऊ उघडली,
कारण सोमवारी समिती येणार
आणि नोंदवहीत नवाच्या पुढे नुसतं:
बिया, सतरा, जुन्या.

जुन्या म्हणजे किती, ते वायकोळे सर सांगून गेले नाहीत.
चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या.
एकीवर उरलंय ‘सायक’, दुसरीवर ‘सारखे’.
मधला एक स कसरीच्या पोटात.
जोडून वाचलं तर बरोबरच आहे म्हणा:
सायकससारखे. सायकस नव्हेत.

(कार्यालयासमोरच्या कुंडीत खरा सायकस आहे.
प्राचार्य तो पाहुण्यांना पाम म्हणून दाखवतात.
मी दहा वर्षं काही बोलले नाही.)

वरचा गर केव्हाच कुजला.
कवच गेलं.
आणि आतल्या पोकळीत, जिथे अंकुर निजायचा,
तिथे गाळ शिरला आणि दगड होऊन बसला.
म्हणजे माझ्या चिमटीत आहे
तो बीचा रिकामेपणा, टणक झालेला.

भिंग. दिव्याची मान वाकवून.
लांबी अडीच सेंटिमीटर, रुंदी दीड.
टोकाला सुईच्या नेढ्याएवढी खूण,
तिथून परागकण आत गेला असणार, एका सकाळी.
सकाळच, असं मी धरून चालते.
कंगोरे तीन. पुन्हा मोजले. तीन.
दोघांच्या मध्ये आणखी एक बारीक,
अंगठ्याला लागतो, डोळ्याला नाही.

आमच्या शास्त्रात पानाला एक नाव, खोडाला दुसरं, बीला तिसरं.
तिघं एकाच झाडाचे
हे शपथेवर सांगायला कुणी उरलं नाही.
एका घरातली माणसं तीन रेशनकार्डांवर.

खिडकीबाहेर केळी, पार सुकी नदीपर्यंत.
एवढं हिरवं, आणि त्यात उगवेल अशी एक बी नाही.
घड उतरला की खोड कापायचं, बाजूचं पिल राखायचं,
नाहीतर जळगावहून टिश्यूची रोपं.
इथे झाडं आहेत, बी नाही.
पेटीत बी आहे, झाड नाही.
या दोन वाक्यांच्या मध्ये स्टूल टाकून मी बसले आहे.

अकरा नंबर लोटननं उचलली.
लोटन पारोळ्याकडचा, तीस वर्षं या खोलीचा शिपाई,
पुढल्या महिन्यात सुटणार.
म्हणाला, “मॅडम, हाई ते खारीकनी आठोयी शे.”
मी हसले. पहिल्या वर्षाची पोरं दरवर्षी हेच म्हणतात.
मग हातात घेतली.
हलकी.
जिथे कंगोरा हवा तिथे उभी खाच.
पाठीवर एक टिकली.
खारकेचीच आठोळी.

लोटन फडक्याची घडी घालत होता.
घातलेली मोडून पुन्हा.
लागलो त्याच वर्षी, पुसताना पडली. चार तुकडे.
सर तापट, नोकरी कच्ची.
घरात बाळंतीण होती, डब्यात खारका होत्या.
रंग यावा म्हणून दोन दिवस चुलीच्या राखेत ठेवली.
आणि तुकडे?
कपाटावर हात घालून त्यानं काडेपेटी काढली.

मी सरांची जुनी वही शोधली, पेन्सिलची.
दहा: कंगोरे तीन, टोक तुटलेले.
बारा: चपटी, पंख असावा, शंका.
अकराच्या ओळीत माप नाही, कुळ नाही,
सरांच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द:
लोटन.
तारीख त्याच वर्षाची.
त्यानंतर एकोणीस वर्षं सर इथे बसले,
त्याच्या हातचा चहा प्याले.

“काय लिखेल शे?”
वही त्याच्याकडे फिरवली.
तो बराच वेळ वाचत राहिला, एवढ्याशा शब्दासाठी.

तुकडे डिंकानं जोडले. एक कपची कमी पडली.
नव्या चिठ्ठ्या लिहिल्या:
अकरा. बी, सायकससारखी. कंगोरे तीन. स्थान अनिश्चित.
अकरा-अ. खारीक. संग्राहक: लोटन बाविस्कर.

समिती ही पेटी उघडेल असं वाटत नाही.