कुठल्या सोनवणे

गंगापूर रोडच्या या सभागृहात
मी आधी येऊन गेलेय,
अकरा वर्षांपूर्वी, शेवटून दुसऱ्या रांगेत,
खडखडणाऱ्या पंख्याखाली, कारण तिथे कुणी बसत नव्हतं.
चौदा दिवसांचा उजळणी वर्ग.
बढतीच्या फायलीला एक कागद कमी पडत होता.

पहिल्याच चहाला एका सरांनी
कपाचा काठ दातांनी कुरतडत
माझ्या छातीवरचं कार्ड वाचलं :
प्रा. चंद्रकला चव्हाण, वनस्पतिशास्त्र.
'कुठल्या चव्हाण?'

म्हटलं, सुरगाण्याच्या.
'तसं नाही, मूळच्या?'
म्हटलं, मूळच्याही सुरगाण्याच्याच. पाड्यावरच्या.
सरांनी कपाच्या तळाशी पाहिलं.
मग उमगलं त्यांना.
'अच्छा, अच्छा. वाटत नाही हो तुमच्याकडे बघून.'

त्या दुपारी फळ्यावर विषय होता : वर्गातली विविधता.
पुण्याहून आलेल्या बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या,
स्वतःच्या ओळखीचे तीन शब्द लिहा.
शिक्षक, माणूस, भारतीय.
बहुतेकांनी हेच लिहिलं, याच क्रमानं.
मालेगावचे मोमीन सर पदार्थविज्ञान शिकवायचे,
त्यांच्या चिठ्ठीवर :
यंत्रमाग, उर्दू, निद्रानाश.
माझ्या चिठ्ठीवर :
तासिका, तासिका, तासिका.

नऊ वर्षं तासावर शिकवलं होतं मी,
सकाळी दिंडोरी, दुपारी पेठ,
उन्हाळ्यात पगार नाही म्हणून
रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधत.
मग एके दिवशी
बिंदुनामावलीतला एक बिंदू झाले.
'बिंदूवर आल्यात,' असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं,
मला ऐकू जावं इतपतच हळू.

माझा विषयच असा,
की रोज विचारावं लागतं
कूळ कोणतं, वंश कोणता, जाती कोणती.
आमच्या डोंगरावरची खुरासणी
आणि बंगल्यांतली शेवंती एकाच कुळातल्या,
हे मी मुलांना दरवर्षी जरा जास्तच मोठ्यानं सांगते.
देठ कापा, पाकळ्या मोजा, भिंग लावा.
फुलाला विचारलेलं चालतं.
फूल काही चहा पीत उभं नसतं.

यंदा वर्ग मीच घेतेय.
टेबलावर पाण्याचा जग, त्यावर उपडा पेला,
माझ्या नावाआधी डॉक्टर.
आणि पर्समध्ये मुलानं रात्री बसून कापलेल्या
साठ चिठ्ठ्या.

मधल्या सुट्टीत एक मुलगी आली,
येवल्याकडे नुकतीच लागलेली, अर्थशास्त्र.
कार्डावर निशिगंधा सोनवणे.
निशिगंधाचं कूळ मला पाठ आहे.
तेवढ्यावर थांबायचं होतं.
पण तोंडातून गेलंच,
त्या सरांच्याच सुरात, तसंच मान तिरकी करून :
'कुठल्या सोनवणे?'

तिच्या हातातला कप किंचित दबला.
चहा अंगठ्यावर आला, तिनं पुसला नाही.
'तिसऱ्या रांगेतली, मॅडम,' म्हणाली,
'खिडकीकडची.'

जेवणानंतर चिठ्ठ्या वाटल्या,
पण तीन शब्द नाही मागितले.
म्हटलं, चहाच्या वेळी तुम्हाला जो प्रश्न विचारतात
तो लिहा. नाव नको.
खूप वेळ नुसत्या पेनांचा आवाज.
एकानं चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली.
एक कोरी आली, पण आठ घड्या घातलेली.
एक मीही लिहिली,
मला विचारलेला प्रश्न नव्हता त्यावर.
ती बाकीच्यांत मिसळली
आणि मोठ्यानं वाचायची वेळ आली तेव्हा
बरोबर तीच माझ्या हाती लागली.
वाचली.
खिडकीकडे बघायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी सीबीएसवर
सुरगाण्याची गाडी लागायच्या आत
मोमीन सरांना फोन लावला, निवृत्त झालेत आता.
बाकी काही सुचेना, म्हणून विचारलं,
झोप लागते का हो?
पलीकडून मागाची खडखड,
मग त्यांचं हसू.
'दुपारी लागते,' म्हणाले,
'वर्ग चालू असल्यासारखी.'