तुकडा

बूतुर म्हणजे आमच्या भाषेत तुकडा.
नऊ पिल्लांतलं शेंडेफळ,
माझ्या लोकरी हातमोज्यात मावायचं,
म्हणून बर्ग्ल्योतने ठेवलेलं नाव.
तो नावाला जागला.

पहिलं रबरी हाड: अकरा मिनिटं.
कापडी बदक: चार.
त्यातलं कण्हणं तर पहिल्याच मिनिटात गेलं,
उरलेली तीन
नुसता कापूस उपसण्यात.
आकुरेयरीच्या दुकानात थोर्केलने
तो लाल चेंडू गल्ल्यावर आपटून दाखवला,
म्हणाला, अस्वलालाही पुरून उरेल.
बोगदा ओलांडून गावात शिरलो
तेव्हा मागच्या सीटवर लाल चुरा होता
आणि त्या चुऱ्यात बसलेला एक
समाधानी प्राणी.

हे सगळं मी वहीत लिहितो.
चाळीस वर्षं बंदरावर जाळी विणली,
कुठला धागा किती ओढ सोसतो
त्याच्या नोंदी ठेवल्या.
माणूस निवृत्त होतो,
सवय नाही होत.

मग पेटलो हट्टाला.
माळ्यावरून हेरिंगच्या जाळ्याचा दोर काढला,
सहा पदरी,
आणि त्याला मारली माझ्या बापाची गाठ,
जी त्याने मला शिकवली,
माझ्या भावाला नाही.
बूतुरने ती हुंगली.
दोन पंजांत धरली,
मान कलती केली,
आणि मागच्या दाढांनी,
जराही घाई न करता,
पदरामागून पदर सोडवत गेला.
बावीस मिनिटं.
मला संताप यायला हवा होता.
पण कारागिराला
दुसऱ्याचा हात कळतो,
तो पंजा असला तरी.

नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला.
डिसेंबरात एके रात्री
बूतुरने माशाकडे तोंड फिरवलं.
बर्ग्ल्योत काहीच बोलली नाही,
गाडीची किल्ली तेवढी हातात दिली.
बर्फातून दीड तास.
रागन्हेयदुर डॉक्टरने पोट उघडलं,
मग बशीत मांडून दाखवलं एकेक:
निळ्या रबराचे तीन तुकडे,
दोराचा एक पदर, माझाच,
बर्ग्ल्योतच्या मोज्याचा अंगठा,
बदकाची शिट्टी.
मी ती दोन बोटांत दाबली.
वाजली.
कोणीच हसलं नाही.
मग बर्ग्ल्योत हसली
आणि तिला ते थांबवता येईना,
डोळे पुसत राहिली.

हात धुता धुता डॉक्टर म्हणाली,
फाडू दे त्याला, त्याचा जीव त्यातच आहे.
गिळलं तर अडकेल असलं काही देऊ नका.
आणि देऊन उठून जाऊ नका.

देऊन उठून जाऊ नका.
मी तर तेच करत होतो.
खेळणं फेकायचं त्याच्यापुढे
आणि बातम्या लावायच्या.

आता संध्याकाळी मी पुठ्ठ्याचे खोके भरतो.
मोठ्यात मधला, मधल्यात लहान,
मध्ये चुरगळलेला जुना पेपर,
अगदी आत सुक्या कॉडची साल.
चिकटपट्टी आधी सोलून काढतो, तारेच्या पिनाही.
जाळं विणताना घ्यायचो
तेवढीच काळजी घेतो,
फक्त आता ते टिकू नये म्हणून.
मग जमिनीवर बसतो, गुडघे कुरकुरतात,
आणि बघतो.
पुठ्ठा फाटतानाचा आवाज
पातळ बर्फावर पाय पडल्यासारखा.
मध्येच तो थांबतो, माझ्याकडे बघतो,
आहेस ना, अशा नजरेने,
आणि पुन्हा कामाला लागतो.
गिळायला गेला की मी हात पुढे करतो.
तो थुंकतो तळव्यात,
ओला लगदा, नाइलाजाने.

जानेवारीच्या शेवटी
सूर्य डोंगरावरून डोकावला.
गावभर धिरड्यांचा वास,
बर्ग्ल्योतही तव्यापाशी उभी.
खिडकीतून उन्हाचा एक चौकोन
बरोबर आमच्या कचऱ्यावर पडला.
बूतुरने त्यावर पंजा ठेवला,
दात लावून पाहिले,
लाकडी फरशी चाटली,
आणि त्यातच आडवा झाला.

वहीत लिहिलं:
तीन खोके, नऊ मिनिटं.
खाली, दुसऱ्या ओळीत:
ऊन, सहा.