पलीकडची बारी

शनिवारी सकाळी सुनेत्रा दारात, स्कूटी चालूच.
"वहिनी, चल."
कागदावर मी आता तिची वहिनी नाही.
पण कुडाळच्या कोर्टाने
हाका मारण्याबद्दल काही निकाल दिलेला नाही.

आश्विनाचं ऊन, मानेवर इस्त्री टेकवल्यासारखं.
धामापूरच्या तळ्यात आम्ही पाय सोडून बसलो.
पाण्यात चार टाचा,
त्यांतल्या भेगाळलेल्या दोन माझ्या.
ती म्हणाली, रविवारी रात्री तळाशीलला डबलबारी आहे, जाऊ या.
मी म्हटलं, कुणाची?
ती म्हणाली, आहेत दोन मंडळं.
मग आम्ही शेंगदाणे संपवले, पुडीतलं मीठसुद्धा.

रविवारी तर आम्ही सगळीकडेच थांबलो.
चौक्याला घावणे खायला.
एका खळ्यावर भाताची झोडणी बघायला,
जशी आम्ही जन्मात बघितलीच नव्हती.
मालवणात तिला चपला घ्यायच्या होत्या,
चार दुकानं फिरलो, घेतल्या नाहीत.
बंदरावर एक होडी नव्या निळ्या रंगात सुकत होती,
तिच्या नावातलं शेवटचं अक्षर राहिलेलं,
रंगारी चहाला गेलेला.
तो परत येऊन ते अक्षर लिहीपर्यंत
आम्ही उभ्या राहिलो. त्यावरचा अनुस्वारसुद्धा बघितला.

सर्जेकोटच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा
पास्कू इंजिनावर ताडपत्री बांधत होता.
"आता खंय? शेवटची तर सहाक सुटली.
बारी आयकूक इलात? हयसूनच आयका, फुकट आसा."

रस्ता आहे. मसुऱ्यावरून, लांबचा वळसा घालून.
मला माहीत होता.
तिला माहीत होता.
स्कूटीत पेट्रोल होतं.

पलीकडे माडांत दिव्यांच्या माळा पेटल्या.
पहिले बुवा पेंडूरचे असावेत, आवाज भरदार.
पण खाडी ओलांडेपर्यंत वाऱ्याने
शब्दांतली व्यंजनं खाल्लेली,
आमच्यापर्यंत नुसते स्वर येत होते,
आ, ई, ओ,
लहान मुलाने गायल्यासारखं मोठ्या माणसाचं गाणं.
मध्येच लोक हसले. काय झालं ते कळलं नाही,
तरी आम्हीही हसलो.

दुसऱ्या बारीचा पखवाज लागला
आणि सुनेत्राने चष्मा पुसायला काढला.

डाव्या पुडीवरचा तो आवाज मला ओळखता येतो.
बारा वर्षं त्याला माझ्या डब्यातली कणीक लागली आहे.
बारीच्या रात्री पोळ्या मोजून एक कमी व्हायची,
ती तिकडे चामड्यावर थापलेली.
सकाळी वाळून खडखडीत झाली की
खरवडून काढायला मीच.

थाप दोनदा ऐकू येत होती,
एकदा कर्ण्यातून,
एकदा पाण्यावरून, जरा उशिराने,
विचार करून परत आल्यासारखी.

गजर चढला आणि तो पळायला लागला.
नेहमीचंच. समेच्या आधी सम गाठायची घाई.
झांजवाले त्याला सांभाळून घेत होते.
त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत.
मलाही मिळत नव्हते.

"दादाने लय ओढली," सुनेत्रा म्हणाली.
दोन दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच काही म्हटलं.

कोजागिरी परवाच झाली होती.
चंद्र उशिरा उगवला,
एका कडेने खाल्लेल्या घावण्यासारखा.
पास्कू घरी जाता जाता थांबला:
"सकाळी सातची पयली तर. येवा."
सुनेत्राने माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, उद्या सोमवार. वीजबिलाची खिडकी माझी असते.

मग कुणीच काही बोललं नाही.
पलीकडे तो पळत होता, लोक टाळ्या देत होते,
आणि स्कूटीच्या गरम सीटवर
माझी दोन बोटं ठेका धरून होती,
संथ,
जिथे यायला हवी तिथेच सम घेत.