उशिराचं कारण

अण्णा गार्ड होते. निवृत्त झाले तेव्हा
त्यांच्याबरोबर तीन कोऱ्या वह्या घरी आल्या,
रकाने छापलेल्या :
स्टेशन. आगमन. प्रस्थान. उशिराचं कारण.
मी त्यात गाणी लिहिते.

स्टेशनखाली गाण्याचं नाव,
आगमनाखाली शिकायला घेतलं ती तारीख,
प्रस्थानाखाली, पहिल्यांदा माइकवर गेलं तो शनिवार.
आणि शेवटच्या रकान्यात खरं काय ते.
क्र. ४ : अंतऱ्यात बोटं चाचपडली.
क्र. ११ : पट्टी उंच. अर्धा स्वर उतरवला, तरी घसा बसला.
क्र. १७ : आवडत नाही. पण दर टेबलाला हवं असतं.

महामार्गाच्या कडेला भंगाळे शेठचं गार्डन रेस्टॉरंट,
तिथे मी एकटी : गिटार, एक स्पीकर,
मागे बोर्ड, फॅमिली रूमकडे बाण.
शेठ म्हणाले होते, तीन तास. एक गाणं दोनदा नको.
हिशेब केला : पाच मिनिटांचं एक, म्हणजे छत्तीस.
माझ्याकडे नऊ होती.
पहिला महिना मी तारा जुळवण्याचं नाटक करून काढला.
एप्रिलात भुसावळ शेहेचाळीसवर गेलं
आणि नाटक करायची गरज उरली नाही.

पाठ झालं म्हणजे काय, ते मला
शेवभाजीनं शिकवलं.
क्वार्टरच्या खोलीत डोळे मिटून म्हटलेलं
पाठ नसतं.
समोरचा माणूस "रस्सा आणा" म्हणून ओरडतो,
जुबेर माझ्या वायरीवरून ट्रे उचलून नेतो,
कुणाचं तरी बाळ स्पीकरला कान लावून रडतं,
बिलावरून दोन मेहुण्यांची ओढाताण चालते,
आणि तोंड आपलं आपण
तिसऱ्या कडव्यावर पोचलेलं असतं,
तेव्हा समजायचं, आलं.

एका शनिवारी शिरपूरकडचे एक गृहस्थ
बडीशेप चघळत जवळ आले :
"आपली बोलीमा एखादं येस का तुले, बेटा?"
वही एक्केचाळीसपर्यंत भरली होती.
त्यात ते नव्हतं.
"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

समोरच्या सिंधूमावशी दोंडाईच्याच्या.
म्हणून दाखवा म्हटलं, तर एक ओळ आठवेना.
"बिबडे कराले ये," म्हणाल्या.
पहाटे पाचला गच्चीवर, ओल्या धोतरावर
ज्वारीचा गरम घाटा थापत गेलो,
आणि गाणं सुटलं.
शब्द त्यांच्या मनगटात होते.
लिहायला माझा हात मोकळा नव्हता,
म्हणून मीही मनगटातच घेतले.

चार पहाटा.
घरी येऊन गिटारवर शोधलं, तर मावशींचा सा
काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधला,
कुठल्याच फ्रेटवर न बसणारा.
शेवटी सहाही तारा
जराजरा चढवल्या.

शनिवारी ते आले नाहीत.
म्हटलं तरी.
निम्म्यावर असताना तंदूरवरचा बापू
पिठाच्या हातांनी दारात आला,
"इतली घाई कसाले करी ऱ्हायनी?"
एवढं बोलून परत आत गेला. रोटी जळत होती.

रात्री लिहिलं, क्र. ४२ : घाई.

अण्णा माझं गाणं ऐकायला कधी आले नाहीत.
पण सकाळी त्या शब्दाखाली लाल शाई होती,
तेच ठाशीव अक्षर :
कारण अपुरे. किती मिनिटे ते लिहावे.

मोजलं. सव्वातीन मिनिटं आधीच संपलं होतं.
पुढच्या वेळी सावकाश म्हटलं, बिबड्याच्या चालीनं,
शेठनी दोनदा घड्याळ पाहिलं,
बापू बाहेर आला नाही.

मावशींकडे अजून एक आहे,
पण ते म्हणे कुरडया घालतानाचं.
क्र. ४३.
स्टेशनखाली नाव नाही. आगमन कोरं. प्रस्थान कोरं.
उशिराचं कारण :
गहू भिजत आहेत.