शुअरली

दाभोळच्या धक्क्यावर साडेपाचच्या फेरीला अजून वेळ होता.
खैरुन्निसा बुरोंडकरनं पाटीमागून उठून
मोबाईल माझ्या चष्म्यासमोर धरला.
दम्मामहून मुलाचा मेसेज. इंग्रजी, एकच ओळ.
"बाई, बाकीचं लागलं मला.
हे शुअरली तेवढं काय ते सांगा."

बावीस वर्षं मी हा शब्द शिकवते.
फळ्यावर लिहिते: क्रियाविशेषण.
नक्की, खात्रीनं, निःसंशय.
मुलं उतरवून घेतात, खाली पट्टीनं रेघ मारतात,
आणि कुणीच विचारत नाही
की ज्याला खात्री आहे तो हा शब्द वापरील कशाला?

भरतीच्या कोष्टकात तो नसतो.
दुपारी दोन वाजून अकरा मिनिटं, एवढंच छापतात,
आणि पाणी येतं.
सुका बांगडा मोजताना खैरुन्निसा कधी म्हणत नाही
की हा नक्की बांगडा आहे.
ओहोटीच्या दिवशी फेरीवरच्या तांडेलाला विचारावं,
पाणी आहे ना पलीकडं?
"आहे" म्हणाला तर मी वह्या तपासत बसते.
"आहे हो, नक्की आहे" म्हणाला
की चपला हातात घेते.

आपल्याकडे तरी काय वेगळं.
येईल, ही एक गोष्ट.
येईलच, म्हणजे कुणीतरी नाही म्हणालंय.
येईलच ना, म्हणजे तो नाही म्हणणारा
आता आपल्याच घरात पाटावर बसलाय.
आणि नक्की?
नक्की येतो, म्हणतो माणूस.
नक्की कधी, असं विचारलं की
तोच शब्द मान वळवून त्याच्याकडे बघतो.

हे सगळं मला तिथं सांगता आलं असतं.
डिझेलचा वास येत होता,
रॅम्पवरून कुणाची तरी मोटरसायकल मागे घसरत होती,
आणि तिच्या करंगळीला एक खवला चिकटला होता, चमकत होता.
मी म्हटलं, "नक्कीच. ईदला नक्कीच येतो म्हणतोय."
एकदा म्हणून भागलं असतं.
दुसरा नक्कीच माझ्या तोंडून गेला
तो मलाही ऐकू आला.

तिनं मोबाईल फडक्यात गुंडाळला.
"दोनदा म्हणालात," एवढंच बोलली.
मग खाडीकडे बघत, दराचा हिशेब करावा तसं,
"म्हंजे पडदे आत्ताच धुवायला नकोत."

मधल्या पाण्यात आलो तेव्हा आठवलं.
मुनाफ बुरोंडकर, नववी ब, खिडकीकडचा बाक.
सर्टनली आणि शुअरली यांत त्याची कायम गल्लत व्हायची.
वाक्य अर्थाला धरून असायचं,
तरी मी अर्धा गुण कापायचे.

या वेळी पोरानं
शब्द बरोबर वापरलाय.