दोन बोटांचा ब्रेक

सायकल त्र्याण्णव सालची. पोलादी सांगाडा,
जांभळा रंग कडेकडेने उडालेला.
पहिल्या पगारात घेतली, तेव्हा मी बँगॉरला
रात्रपाळीची शिकाऊ नर्स होते.
आता तिला उतार झेपत नाही.
म्हणजे उतार झेपतो. थांबणं झेपत नाही.

बेथेस्डाच्या आमच्या आळीतले रस्ते
एक तर खाणीकडे चढतात
नाही तर चॅपलकडे उतरतात,
आणि मागच्या मंगळवारी मी चॅपलच्या पुढे
चांगली तीस पावलं जाऊन थांबले,
चारही बोटं लिव्हरवर आवळून,
बुटाचा तळवा रस्त्यावर घासत.

शेजारचा योरवर्थ कुंपणावरून बघत होता.
म्हणाला, "उद्या शेडमध्ये आण."
हवामानाबद्दलही तो याहून जास्त बोलत नाही.

नवे ब्रेक टपालाने आले होते:
काळे, लांब हात, दोन जोड्या,
एक वाकडी नळी, रबरी टोपी, पाकिटभर वायसर.
जुने मात्र निघता निघेनात.
तीस हिवाळ्यांत रस्त्यावर फेकलेलं मीठ
खुंट्यांवर येऊन बसलेलं.
तेल टाकलं, चहा प्यायलो, पुन्हा तेल टाकलं.
शेवटी बोल्ट करकरला, फिरला.
योरवर्थने नुसती भुवई उचलली.

पॉलिश पेपरने खुंट्या घासल्या, ग्रीस लावलं,
स्प्रिंगचं टोक तीन भोकांपैकी मधल्यात बसवलं,
आणि तार जुन्याच लिव्हरला अडकवायला निघाले
तर तो म्हणाला, "नाही."
"का? लिव्हर धड आहे."
"धड आहे. ओढ तोकडी आहे त्याची.
हे हात लांब. यांना तार जास्त लागते.
तसंच जोडलंस तर लिव्हर मुठीला टेकेल
तरी चाक फिरत राहील.
आणि ब्लॉक रिमला चिकटवून ठेवलेस,
तर जरा दाबलं की तू हँडलवरून पुढे."

बावीस वर्षांच्या शेजारात
त्याचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

पण जुना लिव्हर गिअरच्या खटक्याशी
एकाच तुकड्यात जडलेला.
आमच्याकडेही असंच होतं,
गुडघा दाखवायला आलेला माणूस
हृदय दाखवून जातो.
योरवर्थने करवत घेतली
आणि दोघांची फारकत करून दिली.
गिअर राहिला. लिव्हर बिस्किटांच्या डब्यात गेला.
त्याच डब्यातून नव्या मापाची जोडी निघाली,
कागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली.

करवत तो डाव्या हाताने धरतो.
उजव्याला अंगठा आणि दोन बोटं.
बाकीची ब्याऐंशी साली खाणीत,
पाटीचा दगड वाहणाऱ्या वाघिणीच्या साखळीत.
शेडच्या भिंतीवर त्याची सायकल टांगलेली आहे,
टायर चपटे, सीटवर पोतं.
तिच्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

तार ताणली, ब्लॉक सरळ केले.
हँडलखालचं जुनं कडं तसंच राहू दिलं,
आता त्यातून काहीच जात नाही.
"थांब, मी बघतो," म्हणत तो चढून बसलासुद्धा.

इकडे उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक.
मला ओरडायचं होतं, हळू दाब,
जुन्या सवयीने आवळू नकोस!
पण आवळायला त्याच्याकडे होतं काय?
तो गेला, टोपी उडाली,
चॅपलच्या दाराशी
मागचं चाक वीतभर उचललं
आणि परत खाली बसलं.

बराच वेळ तो तिथेच उभा होता.
मग चढावर सायकल ढकलत आला, टोपी न उचलता.
मला वाटलं, काहीतरी बोलेल.
म्हणाला, "मागचा किंचाळतोय.
ब्लॉकचं पुढचं टोक केसभर आत घे."

मी पाना शोधत होते, तेव्हा पाठीमागून:
"केवढ्याला पडली एक जोडी?"
मी आकडा सांगितला.
त्याने भिंतीकडे बघितलं नाही.
अगदी ठरवून बघितलं नाही.