साडेबारा ते साडेसात

रात्री साडेबाराला ग्रीनॉकमध्ये वीज स्वस्त होते,
सकाळी साडेसातला पुन्हा महाग.
मधल्या सात तासांत
घरातली ओल काढून घ्यायची असते.

यंत्र जुनं आहे, पिळायच्या बटणाचं.
भाची म्हणाली, एफी आत्या, नवं घे,
नव्यांच्या काचेवर आकडे उमटतात.
पण वीज गेली की नवी यंत्रं सगळं विसरतात,
परत आली तरी मख्ख उभी,
कुणी बोट लावेपर्यंत.
हे तसलं नाही. वीज आली की
खाकरतं आणि लागतं कामाला.

म्हणून सॉकेटमध्ये टायमर:
पांढरी चकती, कडेने शहाण्णव दात,
एकेक दात पंधरा मिनिटांचा.
अठ्ठावीस दाबले मी
चष्मा कपाळावर चढवून, मोठ्याने मोजत.
मग त्यापुढे कपाट सरकवलं. झालं.

पावसाबद्दल इथे कुणी बोलत नाही,
नसला तर बोलतात.
धुणं छताशी, दोरीने ओढून घेतलेल्या दांडीवर;
दोन दिवसांनी हात लावावा तर
मासळीसारखं गार.

बावीस वर्षं मी साखरेच्या कारखान्यात होते.
ओलीशी वैर तिथपासूनचं.
एका रात्रीत पोत्याचा दगड व्हायचा
आणि मुकादम मॅकेल्वी हातोडी आम्हाला द्यायचा,
शिव्या हवेला.
अजून मी खोलीत शिरले की आधी हवा चाचपते.

मार्चात दाराखालून चिठ्ठी आली.
शिसपेन्सिलीने, ओळी पट्टीवर आखलेल्या:
वरून रात्रभर घरघर ऐकू येते.
माझं हृदय अधू आहे. आ. टॉरन्स, पहिला मजला.
मी यंत्राखाली न्हाणीघरातली दोन पायपुसणी घातली,
वर गालिच्याचा तुकडा.
घरघर तेवढीच राहिली, जरा जाड झाली.
जिन्यात भेटला की तो टोपीला हात लावायचा,
बघायचा मात्र कठड्याकडे.

नोव्हेंबरच्या वादळात दुपारी एकला वीज गेली,
आली रात्री दहाला.
भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं, त्याला काही कळलं नाही.
कपाटामागची चकती नऊ तास मागे पडली
आणि मलाही कळलं नाही.
बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं,
दिवसभर मी तिकडे, गुरॉकला.
इकडे रिकाम्या घरात
यंत्र महागातली वीज खात बसलेलं.
रात्री मी टक्क जागी.
म्हटलं, बहिणीची काळजी.

चौथ्या रात्री, दीड वाजता, दारावर टकटक.
गाऊनवर कोट, हातात बॅटरी, पायांत दोन वेगवेगळे मोजे.
"बरं आहे ना तुमचं?"
हो, म्हटलं.
"नाही, आवाज नाही चार दिवस. मला वाटलं..."
काय वाटलं ते त्याने गिळलं.
मग बॅटरीशीच बोलल्यासारखा म्हणाला,
"झोप लागत नाही, मिस लॅमॉन्ट."

कपाट दोघांनी ओढलं. म्हणजे मी ओढलं,
त्याचं हृदय अधू.
त्याने उजेड धरला, थरथरता,
चकतीची सावली भिंतीवर मोठी, दातेरी.
बाण पावणेदोनवर आणला.
यंत्र खाकरलं.
आम्ही दोघं जरा वेळ तसेच उभे,
तापलेलं पोर झोपलं की राहतात तसे.

चहा टाकला. तो तीन चमचे साखर घेतो,
डॉक्टरांना सांगू नका म्हणाला.
खिडकी वाफेने पांढरी झाली,
तिच्यावर त्याने बोटाने काही लिहिलं नाही,
मीही नाही. वयं झाली.

सकाळी टाकीत दीड लिटर.
एरवी सव्वा भरतं.
वहीत आकडा लिहिला, पुढे कारण:
किटली.

पाणी इस्त्रीसाठी बाटलीत भरून ठेवलं.
खाली जाताना जिन्यात तो भेटला,
टोपीला हात. या खेपेला बघून.
"साडेबाराला?"
"साडेबाराला."